जुनाट मज्जाविकारांवरील होमिओपॅथी उपचार : बेळगाव सीमाभाग

फिट (अपस्मार), कंपवात, अर्धशिशी, लकव्यानंतर हातापायांत राहिलेला अशक्तपणा अशा वर्षानुवर्षे चालणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजारांत होमिओपॅथीची औषधे घेण्याची पद्धत. नोंदीची व्याप्ती बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या कर्नाटकातील मराठीभाषक पट्ट्यापुरती आहे. घरात या औषधाला ‘गोड गोळ्या’ म्हणतात. ‘न्यूरोच्या पेशंट’कडे त्या बहुधा मोठ्या दवाखान्यातल्या गोळ्यांच्या जोडीने चालू असतात. जोडीने आहेत तोवर फारसे बिघडत नाही. जोडीऐवजी बदली झाली की बिघडते.

भारतातील होमिओपॅथीची कथा मज्जाविकाराच्याच रुग्णापासून सुरू होते. १८३९ मध्ये महाराजा रणजितसिंहांची पक्षाघाताने वाचा गेली असता योहान मार्टिन होनिगबर्गर या युरोपीय वैद्याने त्यांना ‘डल्कामारा’ दिले व उतार पडला, असे सांगतात. त्याच वर्षी जूनमध्ये महाराज वारले. पहिली गोष्ट हमखास सांगितली जाते, दुसरी क्वचित. कर्नाटकात या पद्धतीला पाय रोवायला जागा मिळाली ती मंगळूरच्या कंकनाडीत, फादर ऑगस्टस म्युलर यांनी १८८० मध्ये सुरू केलेल्या गरिबांच्या दवाखान्यामुळे. बेळगावात आज भरतेश आणि ए. एम. शेख ही होमिओपॅथीची महाविद्यालये आहेत. प्रशिक्षणकाळ धरून साडेपाच वर्षांचा बीएचएमएस अभ्यासक्रम तिथे चालतो.

मूळ सिद्धान्त जर्मन डॉक्टर सामुएल हानेमान (१७५५–१८४३) यांचा. निरोगी माणसात जे द्रव्य एखादे लक्षण उत्पन्न करते, तेच अत्यल्प मात्रेत त्या लक्षणाच्या रुग्णाला द्यायचे. जुनाट आजारांच्या मुळाशी सोरा, सायकोसिस व सिफिलिस हे तीन ‘दोष’ असतात, असे त्यांनी १८२८ पासून मांडले. त्यामुळे या पद्धतीत फिटचे औषध किंवा कंपवाताचे औषध असे काही नसते. औषध त्या माणसाचे असते. तरीही सरावाने काही नावे ठरून गेली आहेत. फिटला क्युप्रम मेटॅलिकम, सिक्युटा किंवा ब्युफो, तोंड वाकडे झाल्यास कॉस्टिकम, अंग गळून थरथर सुटली की जेल्सेमियम. सिक्युटा आणि ब्युफो (भेकाचे विष) ही मुळात विषारी द्रव्ये. पण ३० पोटेन्सीच्या, म्हणजे शंभरपट विरळ करण्याची क्रिया तीसदा केलेल्या, औषधात ती १ वर ६० शून्ये एवढ्या पटीने विरळ केलेली असतात. १२ पोटेन्सीच्या आसपासच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते. बाटलीत राहते ती साखर.

या उपचाराचे खरे अंग म्हणजे ‘केस घेणे’, आणि सीमाभागात ते भाषेशी बांधलेले आहे. पहिल्या भेटीला तासभर सहज जातो. झोप कशी, तहान किती, उन्हाने वाढते की गारठ्याने, राग आला की काय होते, आईला असे काही होते का. ‘मुंग्या यायल्यात’, ‘बधिर झालंय’, ‘जड वाटायलंय’, ‘सुन्न पडलंय’ या चार तक्रारी लक्षणकोशात चार वेगळ्या जागी जातात. भोवळ, गरगर आणि डोळ्यांपुढची अंधारी यांचेही तसेच. खानापूरकडची म्हातारी त्यातच कन्नडमधला ‘जोमु’ (बधिरपणा, मुंग्या) घालते आणि ऐकणाऱ्याला तो कळतो. मोठ्या रुग्णालयात मराठी चालत नाही असे नाही; पण रांग मोठी, वेळ थोडा, फाईल इंग्रजीत आणि फलक कन्नडमध्ये. ज्याचा आजार दिसत नाही, फक्त सांगता येतो, त्याला ऐकून घेणारा माणूस हवा असतो. होमिओपॅथीकडे वळण्याचे या नोंदीच्या मते सर्वांत मोठे कारण हेच आहे. औषधाचा गुण त्यानंतर येतो.

औषध देण्याची रीत ठरलेली. काचेच्या छोट्या बाटलीत कोऱ्या साखरेच्या गोळ्या, त्यावर पोटेन्सीचे दोन-चार थेंब, मग बाटली तळहातावर आपटून हलवायची. गोळ्यांना हात लावायचा नाही. झाकणात चार मोजून थेट जिभेवर टाकायच्या. कापूर, कॉफी, कच्चा कांदा आणि डोक्याला चोळायचा बाम यांना मनाई. कंपवाताच्या रुग्णाची इथे पंचाईत होते. थरथरत्या हातातल्या झाकणातून गोळ्या मोत्यांसारख्या फरशीवर उधळतात. मग ते काम सुनेकडे किंवा नातवाकडे जाते. दिवसातून तीनदा कुणीतरी शेजारी बसून तोंडात औषध घालते, हा या उपचाराचा कुठल्याही ग्रंथात न लिहिलेला भाग.

पुराव्याच्या बाजूने चित्र स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून असा निष्कर्ष काढला, की होमिओपॅथी परिणामकारक ठरल्याचा भरवशाचा पुरावा कोणत्याही आजाराबाबत नाही. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१७ मध्ये ही औषधे लिहून देऊ नयेत असे सांगितले. फ्रान्सने २०२१ पासून त्यांच्या खर्चाचा सरकारी विम्यातला परतावा बंद केला.

मग गुण आला असे लोक शपथेवर सांगतात ते खोटे का? खोटे नव्हे, श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होते एवढेच. बेल्स पाल्सी, म्हणजे एका रात्रीत तोंड वाकडे होणे, बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत ते महिन्यांत आपोआप सुधारते. अर्धशिशीचे महिने चांगले-वाईट येतच असतात आणि माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती सर्वांत वाईट महिन्यात. पुढचा महिना बहुधा बराच असणार. भारतात तरुणपणी पहिली फिट येण्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे पट्टकृमीच्या अळीची मेंदूतली गाठ. अशी एकच छोटी गाठ पुष्कळदा काही महिन्यांत विरून जाते आणि फिट थांबते. त्या काळात गोड गोळ्या चालू असतील तर गावभर नाव त्यांचे होते. वेळ देणाऱ्या डॉक्टरामुळे झोप सुधारणे, धास्ती कमी होणे हेही खरेच घडते. पण त्याने कंपवातात मेलेली, मेंदूतली डोपामिन बनवणारी पेशी परत येत नाही.

धोका गोड गोळीत नाही, दुसरी गोळी बंद करण्यात आहे. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, व्हालप्रोएट यांसारखी फिटची औषधे एकदम सोडली तर फिटमागून फिट येत राहण्याची, शुद्धच न येण्याची अवस्था ओढवते. ती जीवघेणी असते. कंपवातात लेव्होडोपा अचानक थांबवल्यास अंग लाकडासारखे ताठते, ताप चढतो. ‘औषध लागू पडायच्या आधी त्रास वाढतो’ ही होमिओपॅथीतली समजूत इथे विशेष घातक ठरते, कारण वाढलेल्या फिटला चांगले लक्षण समजून घरचे थांबून राहतात.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने अपस्मार, पक्षाघात, मेंदूचे विकार बरे करण्याच्या जाहिरातींवर बंदी आहे; ‘फिट कायमची बंद’ अशी पाटी त्यात मोडते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पूनम वर्मा खटल्यात, होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधे देणे हा निष्काळजीपणा ठरवला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून, एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना काही मुभा देऊ केली आणि त्यावरून वाद पेटला. तो कायदा महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजचा, कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीचा नव्हे. रुग्ण मात्र सोयरिकीसारखा दोन्हीकडे जातो. मिरजेला १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी रुग्णालय काढले तेव्हापासून बेळगावची माणसे रेल्वेने तिकडे जात आली आहेत. बेळगाव शहरात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आले ते १९६३ मध्ये.

त्यामुळे रुग्णाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मिरजेची जुनी चिठ्ठी, बेळगावचा एमआरआय आणि होमिओपॅथची बाटली एकत्र नांदतात. जाणते होमिओपॅथ केस घेतानाच ती पिशवी पालथी करायला लावतात, चालू गोळ्यांची नावे आणि वेळा केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहितात आणि मेंदूच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यातली एकही कमी करायची नाही, असे रुग्णाला नव्हे तर सोबत आलेल्याला बजावतात.