बिनबियांची द्राक्षं ‘जीएम’ असतात का?

‘बी नाही म्हणजे द्राक्ष जीएम’, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शंका रास्त आहे. बीच नसेल तर वेल वाढतो कसा?

वेल काडीपासून वाढतो. आपल्याकडे खुंट रोपावर, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या रोपावर, हव्या त्या जातीचा डोळा (काडीवरचा कोंब) भरतात. थॉमसन सीडलेस ही जात जनुकीय तंत्रज्ञानाच्या कितीतरी आधीची. तासगावची तास-ए-गणेश ही तिच्यातूनच निवडलेली.

मग बी जातं कुठे? अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात बीजाची वाढ सांभाळणारा एक जनुक आधीच माहीत होता. दोन्ही वनस्पतींचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, शेजारी ठेवल्यावर त्याचाच भाऊबंद द्राक्षात सापडला: एजीएल११. बियांच्या आणि बिनबियांच्या जाती ताडून पाहिल्या, तेव्हा या जनुकात डीएनएच्या एका अक्षराचा नैसर्गिक बदल दिसला. त्यामुळे बी धरतं, पण कवच तयार होण्याआधीच वाढ थांबते. मला यातलं सगळ्यात मोलाचं हे वाटतं, की या खुणेवरून कोवळ्या रोपाचं पान तपासून ते बिनबियांचं निघेल का, याचा अंदाज फळाची वाट न पाहता येतो.

स्वतः पाहायचंय? मणी उभा चिरा. मध्ये मऊ, फिकट, तिळाहून बारीक ठिपका बहुधा दिसेल. तेच अर्धवट राहिलेलं बी.

मणी फुगवायला जिबरेलिक आम्ल या वाढ संप्रेरकाची फवारणी होते हे खरं, पण तिने जनुक बदलत नाहीत.