इमारत-वर्गीकरण, सहयोगी नकाशांतील

सहयोगी नकाशांत (अनेक स्वयंसेवक मिळून तयार करतात अशा नकाशांत) इमारतीची बांधणी आणि तिचा चालू वापर या दोन बाबी स्वतंत्रपणे नोंदवण्याची पद्धत. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप प्रकल्पात ती विशेष रूढ आहे. तेथे इमारत कोणत्या प्रकारची म्हणून बांधली गेली ते ‘बिल्डिंग’ या टॅगमध्ये (नकाशावरील वस्तूची माहिती नोंदवण्याच्या नामांकित रकान्यात) लिहितात. आज तिच्यात काय चालते ते ‘अ‍ॅमेनिटी’, ‘शॉप’ किंवा ‘ऑफिस’ या टॅगांत येते. मास्ट्रिख्ट (नेदर्लंड्स) येथील तेराव्या शतकातील डोमिनिकन चर्चमध्ये २००६ पासून पुस्तकांचे दुकान आहे. या पद्धतीनुसार त्याचा बिल्डिंग टॅग ‘चर्च’च राहतो, शॉपपुढे ‘बुक्स’ येते आणि प्रार्थनास्थळाचा टॅग लागत नाही.

या भेदाचा उगम दोन ठिकाणी शोधता येतो. अमेरिकेत सु. १८६७ पासून अग्निविम्यासाठी निघालेल्या सॅनबर्न नकाशांत बांधकामाचे साहित्य रंगाने दाखवीत (विटांचे गुलाबी, लाकडी सांगाड्याचे पिवळे) आणि वापर अक्षराने (राहते घर ‘डी’, दुकान ‘एस’). मात्र तेथे बांधणीची दखल आगीच्या धोक्यापुरती होती. इमारतीचा प्रकार सांगणे हा हेतू नव्हता. दुसरा धागा नगररचनेचा. अमेरिकन प्लॅनिंग असोसिएशनच्या भूवापर-वर्गीकरणात (सु. २०००) क्रिया, कार्य, बांधकाम, स्थळविकास व मालकी ही पाच परिमाणे वेगळी ठेवली आहेत. बंगल्यात थाटलेले कार्यालय त्यात बांधकामाने घर आणि कार्याने कार्यालय ठरते. सिटीजीएमएल या त्रिमितीय नगर-प्रतिमानांच्या मानकातही (२००८) नियोजित कार्य व प्रत्यक्ष वापर यांना निरनिराळे रकाने आहेत. यूरोपीय संघाच्या इन्स्पायर या भौगोलिक माहितीविषयक निर्देशाखालील (२००७) इमारत-विनिर्देश ‘बिल्डिंग नेचर’ (इमारतीचे स्वरूप) आणि ‘करंट यूज’ (चालू वापर) अशी फोड करतो. परंतु पहिल्याच्या व्याख्येत भौतिक रूप व कार्य दोन्ही शिरल्याने ही फोड पुरती पाळली गेली आहे, असे म्हणता येत नाही. ओपनस्ट्रीटमॅपमधील पद्धत यांपैकी कशातूनही थेट आली नसावी. वापर सांगणारे टॅग रुळलेले असल्याने बिल्डिंगचा टॅग प्रकारासाठी मोकळा राहिला, हे अधिक संभवनीय वाटते.

खरा वाद ‘दिसते कशी’ आणि ‘बांधली कशासाठी’ यांत आहे. जागेवर जे पडताळता येते तेवढेच नोंदवावे, हे प्रकल्पाचे जुने तत्त्व. त्या बाजूने पाहता डोळ्यांना दिसणारे रूप पुरेसे ठरते. लंडनच्या ब्रिक लेनवरील मशीद या मताची कसोटी पाहते. फ्रेंच प्रॉटेस्टंटांचे प्रार्थनागृह म्हणून बांधलेली ही विटांची साधी वास्तू पुढे मेथडिस्टांकडे गेली, १८९८ मध्ये सिनगॉग झाली आणि १९७६ मध्ये मशीद. तिच्या भिंतीवरील सूर्यघटिकेवर १७४३ हे साल अजून वाचता येते. केवळ रूपावरून तिला कोणता प्रकार द्यावा, हे दोघे नकाशाकार वेगवेगळे ठरवतील. मूळ प्रयोजन धरले तर नोंद स्थिर राहते. म्हणून मूळ बांधणी टिकून असेपर्यंत प्रयोजनाला मान देणारे मत ग्राह्य वाटते. दर्शनी भिंत तेवढी राखून आत सर्व नवे बांधले असेल, तेथे ते लागू करणे अवघड आहे.

पुण्याचा विश्रामबागवाडा (सु. १८०७) दुसऱ्या बाजीरावाच्या निवासासाठी उभा राहिला. १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे नगरपालिकेची कचेरी व टपाल कार्यालयही आले. सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब पाहिले की तो कोणत्याही काळी वाडाच होता, हे पटते. परंतु प्रचलित टॅगसूचीत वाडा किंवा चाळ यांना नेमकी जागा नाही. चाळीला ‘अपार्टमेंट्स’ म्हटले की सामाईक गॅलरी आणि ओळीने असलेल्या खोल्या ही तिची ओळखच पुसली जाते. टॅग मुक्त असल्याने स्थानिक शब्द घालता येतो. मात्र सूचीबाहेरचा शब्द बहुतेक नकाशा-प्रणाली ओळखत नाहीत.

उपग्रहचित्रांवरून काढलेल्या बाह्यरेषांना हा भेद क्वचितच लागू होतो. २०१० च्या हैती भूकंपानंतर वाढलेल्या आपत्तीकालीन नकाशांकनात छप्परापलीकडे काही दिसत नसल्याने बिल्डिंग टॅगपुढे सहसा नुसते ‘येस’ (इमारत आहे, एवढेच) लावले जाते.