बंदरात जहाजाला जहाज लागलं: दावा कोणी, कुठे आणि कोणत्या कागदांवर करायचा

बडोद्याला समुद्र नाही, पण जहाजांशी इथल्या मराठी माणसांचा संबंध जुना आहे. ओखा बंदर बडोदा संस्थानानेच उभं केलं. आज तो संबंध वेगळ्या प्रकारचा आहे. कोणाचा एखाद्या बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीत, भाग असतो, कोणाचा कच्चा माल दहेजला किंवा तापीवरच्या मगदल्ल्याला उतरतो, कोणाचा मुलगा जहाजावर सेकंड ऑफिसर असतो. मग एक दिवस फोन येतो: शेजारच्या जहाजाचा दोर तुटला, ते फिरलं आणि आपल्या जहाजाला घासून गेलं. त्यानंतर पहिला प्रश्न हमखास येतो, की केस बडोद्यात लावता येईल का.

अशा दाव्यात तुम्ही कुठे राहता याला फारसं महत्त्व नसतं. ज्याने नुकसान केलं ते जहाज आत्ता कुठे उभं आहे, हे महत्त्वाचं असतं, कारण कोर्टाकडून ते जहाजच अडवून मालकाकडून हमी घ्यायची असते. आणि ते पुढच्या भरतीला निघून जाणार असतं. म्हणून कागद आधी, भांडण नंतर.

रजिस्ट्रेशन बघा, मग वकील गाठा

सागरी दाव्यांसाठी २०१७ चा नौकाधिकरण कायदा आहे. वकील त्याला ‘ॲडमिरल्टी ॲक्ट’च म्हणतात. तो १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. हा अधिकार फक्त किनारपट्टीच्या राज्यांतल्या उच्च न्यायालयांना दिलेला आहे, आणि गुजरात उच्च न्यायालय त्यांत आहे. जहाज गुजरातच्या पाण्यात असेल तर काम अहमदाबादला होतं. इंदूरच्या किंवा ग्वाल्हेरच्या व्यापाऱ्याचा माल असला, तरी त्याला याच दारात यावं लागतं, कारण मध्य प्रदेश उच्च न्यायालयाला हा अधिकार नाही. उलट बडोद्याच्या माणसाचं जहाज हुगळीत ठोकलं गेलं आणि ठोकणारं जहाज कोलकात्यातच उभं असेल, तर अहमदाबादचा उपयोग नाही. तिथे कलकत्ता उच्च न्यायालय.

यात एक खाच आहे. हा कायदा अंतर्देशीय जहाजांना, म्हणजे फक्त नद्या-कालव्यांत चालण्यासाठी नोंदलेल्या जहाजांना, केंद्र सरकारने खास अधिसूचना काढल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळे समोरच्या बार्जची नोंद कोणत्या कायद्याखाली आहे, हे सगळ्यात आधी पाहायचं. समुद्रात जाणारं जहाज म्हणून नोंद असेल तर उच्च न्यायालयाचा रस्ता मोकळा. अंतर्देशीय नोंद असेल तर रस्ता वेगळा: २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे अपघाताची खबर जवळच्या पोलीस ठाण्याला आणि राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला द्यायची. राज्य सरकार जिल्हाधिकाऱ्यांकडून चौकशी करवू शकतं, आणि नुकसानीचा दावा नेहमीच्या दिवाणी न्यायालयात जातो. नदीत घडलं म्हणजे अंतर्देशीय, असं समजू नका. मगदल्ल्याच्या जेट्यांना लागणारी कित्येक जहाजं समुद्रातून आलेली असतात.

दावा कोणाला करता येतो

जहाजाचा मालक किंवा सहमालक, मालाचा मालक, नुकसान झालेल्या धक्क्याचा मालक, जखमी खलाशी किंवा मृताचे वारस, पगार थकलेले कर्मचारी, शुल्क थकलेलं बंदर, मदत करणारा टगवाला (टग म्हणजे जहाजं ओढणारी बोट). यादी बरीच मोठी आहे. बार्जमध्ये चार आणे भाग असलेल्याने एकट्याने धावपळ करण्यापेक्षा बाकीच्या भागीदारांची संमती लेखी घ्यावी. सहमालकांचे आपापसांतले वादसुद्धा याच कायद्यात बसतात, आणि समोरचा वकील ती फट सोडत नाही.

चूक कोणाची: रिवाजाला कोर्टात वजन असतं

समुद्रावर टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम समुद्राला जोडलेल्या आणि मोठी जहाजं जाऊ शकतील अशा नद्यांनाही लागू होतात. स्थानिक बंदर स्वतःचे खास नियम करू शकतं. अरुंद खाडीत शक्य तोवर नांगर टाकू नये, नांगरलेल्या जहाजाने दिवसा काळा गोळा आणि रात्री चहूकडून दिसणारा पांढरा दिवा दाखवावा, हे त्यात स्पष्ट आहे. पण खरी वादावादी होते ती न लिहिलेल्या गोष्टींवर. नियम २ सांगतो की खलाशांच्या नेहमीच्या रिवाजातली सावधगिरी चुकवली, तर बाकी नियम पाळले म्हणून सुटका होत नाही.

असे दोन-तीन रिवाज दावेदाराला माहीत हवेत. नांगरावरचं जहाज प्रवाह उलटला की पूर्ण फिरतं. जो आधी नांगरला त्याच्या फिरण्याच्या घेरात नंतर आलेल्याने नांगर टाकायचा नाही, आणि टाकला तर बाजूला होण्याची जबाबदारी नंतरच्याची. म्हणून नांगर टाकल्याची वेळ आणि जागा लॉगबुकात मिनिटापर्यंत नोंदलेली असेल तर निम्मी लढाई तिथेच संपते. दुसरं, एकाच खुंट्यावर दोन जहाजांचे दोर असतील तर नंतरच्याने आपल्या दोराचा फास आधीच्याच्या फासातून खालून वर ओढून मग खुंट्यावर टाकायचा. असं केलं की कोणीही आधी निघो, दुसऱ्याचा दोर काढावा लागत नाही. आळस करून वरून फास टाकला की आधी निघणारा तो काढून फेकतो, आणि मग दोर कोणी सोडला यावर जन्मभराचं वैर. मालकाच्या किंवा मास्टरच्या (कॅप्टनच्या) परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जहाजाचा दोर सोडणं बंदर कायद्यात गुन्हा आहे, हे तांडेलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. आणि कोणी कुठे नांगरायचं याचा शेवटचा शब्द बंदर अधिकाऱ्याचा. त्याने हलायला सांगितल्यावर ‘आम्ही आधी आलो’ चालत नाही.

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक काही ठिकाणी दहा मीटरच्या आसपास जातो. ढिले ठेवलेले किंवा वेळेवर न सोडलेले दोर इथे सहज तुटतात. ‘पाणी जोरात होतं’ हा बचाव इथे फार टिकत नाही, कारण भरतीचं कोष्टक वर्षाच्या सुरुवातीलाच छापलेलं असतं. दोष दोघांचाही निघाला तर नुकसान दोषाच्या प्रमाणात वाटलं जातं.

कधी चूक जहाजाची नसून जागेची असते. टेम्स नदीवर ‘मूरकॉक’ नावाचं जहाज जेटीला लावलं होतं. ओहोटीला ते तळावर टेकलं आणि खालच्या कठीण उंचवट्यावर बसून त्याचं नुकसान झालं. १८८९ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ठरवलं की करारात लिहिलेलं नसलं तरी, जागा सुरक्षित आहे का हे पाहण्याची वाजवी काळजी जेटीवाल्याने घ्यायला हवी होती. आपल्याकडच्या विधी महाविद्यालयांतही हा निकाल शिकवतात. ओहोटीला बार्ज चिखलात बसतात अशा जेट्यांवर तो थेट उपयोगी आहे. मात्र हा दावा जेटीवाल्याविरुद्ध करारावरून करायचा, शेजारचं जहाज अडवून नाही. २०२५ साली संसदेने मंजूर केलेल्या नव्या बंदर कायद्यात छोट्या बंदरांवरच्या वापरकर्त्यांचे असे वाद राज्याच्या समितीकडे नेण्याची तरतूद आहे. अशा प्रकरणात वकिलाला तिची सद्यस्थिती आधी विचारा.

त्याच दिवशी जमवायचे कागद

मास्टरने समोरच्या मास्टरला निषेधपत्र द्यायचं आणि पोच घ्यायची. समोरचा ‘फक्त मिळाल्याची पोच’ असं लिहून सही करेल, हरकत नाही. त्यानंतर बंदरातल्या नोटरीसमोर ‘नोट ऑफ प्रोटेस्ट’, म्हणजे काय घडलं याचं मास्टरचं निवेदन, नोंदवायचं. डेक आणि इंजिन लॉगची पानं, कोणता दोर केव्हा लावला याची नोंद, दोरांची प्रमाणपत्रं, पायलटशी (बंदरात जहाजाला वाट दाखवणाऱ्याशी) झालेल्या देवघेवीचा कागद, बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) आणि पहाऱ्यावरच्या खलाशाचे जबाब. फोटो काढताना खुंटा, दोराचं तुटलेलं टोक आणि दोन्ही जहाजांची नावं एका चौकटीत येतील असे काढा. तुटलेला दोर फेकू नका.

व्हीडीआर, म्हणजे जहाजाचा ब्लॅक बॉक्स, विसरला जातो. जुन्या यंत्रांत किमान १२ तासांचीच नोंद राहते, नंतर तिच्यावर नवी चढते. बटण दाबून ती जपून ठेवायला कॅप्टनला फोनवर तेव्हाच सांगा. सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) नेमला की समोरच्या पक्षालाही लेखी बोलवा. एकतर्फी सर्व्हेला कोर्टात किंमत कमी. विमा कंपनीला आणि पी अँड आय क्लबला (जहाजमालकांच्या परस्पर विमा संघाला) त्याच दिवशी ईमेल करा.

बडोद्याच्या बाजूने लागणारे कागद म्हणजे रजिस्ट्रेशन आणि विम्याची प्रत, मालाचा दावा असेल तर बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढवल्याची पावती), कंपनीचा ठराव किंवा भागीदारीपत्र, मुखत्यारपत्र, वकालतनामा. इथल्या जुन्या पेढ्यांची एक वेगळीच अडचण असते: लॉग इंग्रजीत, जेटीच्या पावत्या गुजरातीत आणि भागीदारीची वही मराठीत. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. भाषांतर करून घ्यायला दोन दिवस गेले तर जहाज अरबी समुद्रात असेल, म्हणून भागीदारीपत्राचं इंग्रजी भाषांतर वाद नसतानाच करून ठेवावं.

अर्जानंतर काय होतं

दाव्याबरोबर जहाज अटकेचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जातं. तातडी दाखवली तर समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश मिळू शकतो. तो बंदर अधिकारी आणि कस्टम्सकडे पोहोचला की जहाजाला निघण्याची परवानगी मिळत नाही. बहुतेक वेळा मालक काही दिवसांत बँक गॅरंटी किंवा क्लबचं हमीपत्र देऊन जहाज सोडवतो, आणि पुढची केस त्या हमीवर चालते. तुम्हाला हवी असते ती हमीच, जहाज नव्हे. ते जहाज निसटलं असेल, तर काही परिस्थितीत त्याच मालकाचं दुसरं जहाज अडवता येतं.

मात्र अटक चुकीची ठरली तर भरपाई देईन, असं हमीपत्र कोर्ट तुमच्याकडूनही मागू शकतं. पाच लाखांच्या ओरखड्यासाठी मोठं मालवाहू जहाज अडवायला निघालेल्यांनी हा आकडा आधी मांडून पाहावा.

मुदतीबाबत: दुसऱ्याच्या जहाजाने केलेल्या प्रत्यक्ष नुकसानीचा जहाजावरचा सागरी धारणाधिकार, म्हणजे दाव्यापोटी थेट जहाजावर असणारा हक्क, एका वर्षात संपतो, म्हणजे त्याआत अटक व्हायला हवी. जहाजावर चढवलेल्या मालाच्या नुकसानीला हा धारणाधिकार नाही, आणि वाहतूकदाराविरुद्धच्या मालाच्या दाव्याची मुदतही साधारण एक वर्षच. खलाशांच्या पगाराला दोन वर्षं मिळतात आणि वसुलीच्या क्रमात तो सगळ्यांच्या वर असतो. मुलगा जहाजावर असेल तर त्याचा करारनामा, सीडीसीची (खलाशाच्या नोंदपुस्तकाची) प्रत आणि पगाराच्या स्लिपा घरच्या फाइलीत ठेवा. जहाज अडकल्यावर त्याला बोटीवरून हे कागद पाठवता येतीलच असं नाही.