लिथॉप्स की कोनोफायटम? चेहरा सारखा, हंगाम वेगळा

पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या लातूरच्या गच्चीवरची एका कुंडीतली बोराएवढी रोपं वाळून पांढरी पडली. वरची साल कागदासारखी झाली. विकत देणाऱ्याने ‘लिथॉप्स’ म्हणून दिली होती, म्हणजे खड्यासारखं दिसणारं, पानांत पाणी साठवणारं रोप. पाण्यावाचून चालली असं समजून मी रोज संध्याकाळी पाणी घातलं आणि आठवड्याभरात सगळी कुजली. साल फोडून पाहिली तेव्हा कळलं, आत नवं हिरवं रोप तयार होतं. ते मी मारलं. ती लिथॉप्स नव्हतीच, कोनोफायटम होती आणि उन्हाळाभर झोपणार होती.

चूक होते, कारण दोन्ही सख्खी वाटावीत इतकी जवळची. कूळ एक, मूळ मुलूख दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाचा, आणि दोन्ही वंशांना 1922 मध्ये नाव देणारे वनस्पतिशास्त्रज्ञही एकच, एन. ई. ब्राऊन. दोन जाड पानं एकमेकांना चिकटलेली, एवढंच रोप. इंग्रज निसर्गअभ्यासक विल्यम बर्चेल यांनी 1811 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिस्काजवळ विचित्र दिसणारा खडा म्हणून जे उचललं, ते लिथॉप्स निघालं. (त्याला काही जण दगडफूल म्हणतात. कृपया म्हणू नका, दगडफूल आपल्या काळ्या मसाल्यात असतं.)

ओळखायचं तर आधी भेग बघा. लिथॉप्सची भेग माथ्यावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते, गाईच्या खुरासारखी. माथा सपाट आणि नक्षीदार. कोनोफायटमच्या पुष्कळ जातींत माथा गोल असतो आणि मधोमध शर्टाच्या काजाएवढी चीर. पण त्याच्या काही जातींना दोन कान फुटतात, तिथे ही खूण फसते. फूल मात्र फसवत नाही. लिथॉप्सचं फूल बहुधा पिवळं किंवा पांढरं, पाकळ्या सुट्या, दुपारी उमलणारं. कोनोफायटमच्या पाकळ्या खाली जुळून नळी होते. रंग जांभळा, गुलाबी, केशरीसुद्धा, आणि काही जाती रात्री उमलून सुगंध देतात.

खरा फरक पाण्याचा आहे, आणि तो मराठवाड्याच्या माणसाला एका शब्दात सांगता येतो. कोनोफायटम रब्बीचं पीक आहे. त्याच्या मुलखात, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या वायव्येकडच्या कोरड्या नामाक्वालँडमध्ये, पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून ते थंडीत वाढतं आणि उन्हाळा जुन्या पानांच्या वाळलेल्या सालीत काढतं. आपल्याकडे मार्चअखेरीस पाणी तोडायचं आणि घटस्थापनेनंतर, रात्री गार झाल्या की, पुन्हा सुरू करायचं. महिन्याभरात साल फाटून नवी रोपं वर येतात. फार कडक उन्हाळ्यात मी पंधरा दिवसांनी संध्याकाळी कुंडीच्या कडेने चमचाभर पाणी देते, तेही मुळं पार सुकू नयेत म्हणून. सालीवर थेंब पडू देत नाही.

लिथॉप्सही कात टाकतं, पण वेळ वेगळी. पावसाळा सरल्यावर ते फुलतं. मग भेगेतून नवी जोडी डोकावते आणि जुन्या पानांतलं पाणी पिऊन मोठी होते. या काळात पाणी दिलं तर जुनी पानं सुकत नाहीत आणि नवी अडकून पडतात. म्हणून वेळ अमावस्येच्या सुमारास मी लिथॉप्सचं पाणी बंद करते. नेमकं तेव्हाच शेजारच्या कुंडीतलं कोनोफायटम पाणी मागत असतं. एकाच झारीने दोन्हींना पाणी घालणाऱ्याचं एक तरी रोप जातंच. लिथॉप्सची जुनी पानं कागदासारखी झाली की मगच पुन्हा पाणी, आणि एप्रिलपासून हिरव्या नेटखाली अगदी बेतानं.

पावसाळ्यात दोन्ही पत्र्याखाली हवीत. आपण स्वतःला दुष्काळी म्हणतो, पण मराठवाड्यात सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नामाक्वालँडच्या बऱ्याच भागांत 200 सुद्धा पडत नाही. काळी माती तर कुंडीत नकोच, ती पाणी धरून बसते. चाळलेला मुरूम, बारीक खडी आणि थोडं जुनं शेणखत पुरतं. लिथॉप्सचं मूळ खोल जातं, त्याला उंच कुंडी द्या. कोनोफायटम पसरून गालिचा करतं, त्याला उथळ चालते.

विकत घेताना एक पाहा. 2019 नंतर दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटमची चोरी प्रचंड वाढली आणि त्याच्या बहुतेक जाती आता नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. मूळ तुटलेला, खरचटलेला, जुना मोठा झुबका कुणी दाखवला तर घेऊ नका, तो डोंगरावरून उपटलेला असू शकतो. बियांपासून केलेलं लहान रोप मागा. किंवा स्वतःच बी धरा. लिथॉप्सला त्यासाठी एकाच जातीची दोन वेगळी रोपं एकदम फुललेली लागतात, पराग बारीक ब्रशने फिरवायचा. बोंड सुकलं की त्यावर पाण्याचा थेंब टाका. ते डोळ्यांदेखत उघडतं, कारण त्याच्या मुलखात पाऊस आल्याशिवाय बी सोडण्यात अर्थ नसतो.