चित्र पोचलं, आवाज अजून वाटेत

टीव्ही पाहताना आईचा अंगठा आवाजाच्या बटणावरून हलत नाही. पडद्यावर दोघं हळू बोलायला लागले की ती आवाज वाढवते. पाठोपाठ मारामारी सुरू झाली की दचकून कमी करते. एकदा मी मोजायला बसलो, तर पहिल्या अर्ध्या तासातच २१ वेळा झालं. समोरचं चित्र मात्र इतकं रेखीव होतं की नटाच्या कॉलरची शिवण दिसत होती.

घरातला टीव्ही आणि स्पीकर पुढे कुठे जाणार, हा विचार करताना मला हाच प्रसंग आठवतो. डोळ्यांना पुरून उरेल इतकं मिळालंय आणि कानांना साधे संवाद मिळत नाहीत.

आधी डोळ्यांचं पाहू. सर्वसाधारण चांगल्या नजरेला, डोळ्याशी एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन करणारा तपशील वेगळा दिसतो. अडीच मीटरवरून पाहिलं तर हे माप साधारण पाऊण मिलिमीटर भरतं. ४के म्हणजे आडव्या ओळीत सुमारे चार हजार पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, आणि ८के म्हणजे त्याच्या दुप्पट. ५५ इंची ४के टीव्हीचा एक पिक्सेल ०.३२ मिलिमीटरचा, आणि ८केचा त्याच्याही निम्मा. काहींची नजर याहून तीक्ष्ण असते, त्यांना ४केचा फायदा जाणवतो. पण ८केचे ३ कोटी ३१ लाख ठिपके सुटे दिसायला पडद्यापासून जेमतेम अर्ध्या मीटरवर बसावं लागेल. तसा टीव्ही कुणी पाहत नाही. भिंतभर पडदा असेल तर गोष्ट वेगळी, पण नेहमीच्या दिवाणखान्यात पिक्सेल वाढवण्याची शर्यत डोळ्यानेच संपवली आहे.

चित्रात खरी सुधारणा अजून बाकी आहे ती उजेडाची आणि रंगाची. पडद्याची उजळी निट या एककात मोजतात. वर्षानुवर्षं टीव्हीचं चित्र १०० निट गृहीत धरून तयार होत असे. दुपारच्या उन्हात धरलेला पांढरा कागद त्याच्या शेकडो पट उजळ असतो. आता एचडीआरच्या, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्राच्या, एका प्रमुख पद्धतीत १०,००० निटपर्यंतची उजळी नोंदवता येते, आणि प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्यांऐवजी १,०२४ किंवा त्याहून जास्त मिळतात. फरक पाहायचा असेल तर सूर्यास्ताचं दृश्य लावा. जुन्या पद्धतीत आकाशात केशरीच्या पट्ट्या पडलेल्या दिसतात, कपड्यावरचा डाग अर्धवट धुतल्यावर कडा राहाव्यात तशा. पायऱ्या वाढल्या की त्या पट्ट्या एकमेकींत विरून जातात.

हा उजेड निर्माण कोण करणार, इथे मात्र सगळ्यांची गाडी एकाच रंगापाशी अडते. तो रंग निळा. निळ्या प्रकाशाच्या कणात लाल प्रकाशाच्या कणापेक्षा जास्त ऊर्जा असते, त्यामुळे तो निर्माण करणाऱ्या पदार्थावरच जास्त ताण येतो. लाल आणि हिरवे एलईडी आधी आले. तेजस्वी निळ्या एलईडीसाठी १९९०च्या दशकापर्यंत थांबावं लागलं. त्या कामासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ओलेड, म्हणजे सेंद्रिय द्रव्याच्या एलईडींच्या, पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि हवा तेव्हा पूर्ण विझतो, म्हणून त्यातला काळा रंग इतका गडद दिसतो. पण तिथेही निळं सेंद्रिय द्रव्य लवकर थकतं.

क्वांटम डॉट हे त्यावरचं सगळ्यात देखणं उत्तर, असं मला वाटतं. हे अर्धवाहकाचे इतके बारीक कण असतात की त्यांचा रंग त्यांच्या आकारावर ठरतो. पदार्थ तोच, पण दोन-तीन नॅनोमीटरचा कण निळ्या-हिरव्या बाजूला चमकतो आणि सहाच्या आसपासचा लाल. अलेक्सेई एकिमॉव्ह, लुई ब्रस आणि मौंगी बावेंडी यांना याच कणांसाठी २०२३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या बहुतेक क्वांटम डॉट टीव्हींत निळा दिवा मागून प्रकाश टाकतो आणि कण त्याचं लाल-हिरव्यात रूपांतर करतात. पुढची पायरी म्हणजे कणांनाच थेट वीज देऊन उजळवणं. प्रयोगशाळेतले पडदे हे करून दाखवतात. टिकाऊपणाचा प्रश्न आहे, आणि तो पुन्हा निळ्याचाच.

मायक्रोएलईडी हा दुसरा रस्ता. त्यात प्रत्येक ठिपक्याला सूक्ष्म एलईडी असतात. त्यात सेंद्रिय द्रव्य थकण्याची भानगड नाही, अडचण आहे ती संख्येची. ४के पडद्याला ८३ लाख पिक्सेल गुणिले लाल, हिरवा, निळा असे तीन, म्हणजे जवळपास अडीच कोटी दिवे उचलून नेमक्या जागी बसवायचे. दहा हजारांत एक जरी चुकला तरी अडीच हजार मेलेले ठिपके पडद्यावर राहतात. म्हणून हे टीव्ही अजून थोड्यांच्या भिंतींवर आहेत.

आता आवाजाकडे येतो, कारण मला बोलायचंय ते त्याच्याबद्दल. टीव्ही पातळ होत गेला आणि त्याची पहिली किंमत स्पीकरने मोजली. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली ज्या तत्त्वावर स्पीकर बनवला, त्याच तत्त्वावर आजचे बहुतेक स्पीकर चालतात. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचं वेटोळं हलतं, त्याला जोडलेला पडदा हवा ढकलतो. खर्जाला भरपूर हवा ढकलावी लागते. सूर एक सप्तक खाली आला की तेवढ्याच जोराच्या आवाजासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. दोन बोटं जाडीच्या टीव्हीत एवढं हलायला जागाच नाही. आणि उरलासुरला स्पीकरही बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेला असतो, त्यामुळे नटाचा आवाज आधी टेबलावर किंवा भिंतीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. काही ओलेड टीव्हींत काचेलाच मागून कंप देऊन आवाज काढतात. बोलणं बोलणाऱ्याच्या तोंडातून आल्यासारखं वाटतं, आणि ही कल्पना मला मनापासून आवडते.

दुसरं कारण आपल्या कानात आहे. स्वरांची ताकद खालच्या पट्टीत असते. पण शब्द ओळखू येतो तो स, श, त, फ अशा व्यंजनांवरून, आणि त्यांचा बराचसा भाग २,००० हर्ट्झच्या वर असतो. वयानुसार ऐकू येणं कमी होतं ते नेमकं वरून. म्हणून आई आवाज वाढवते तेव्हा ‘आ’ आणि ‘ओ’ मोठे होतात, ढोल मोठा होतो, पण ‘साथ’ म्हणाला की ‘हात’, ते कळत नाही.

तिसरं कारण मिश्रणाचं. सिनेमाचा आवाज अनेक स्पीकरसाठी रचलेला असतो आणि संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. घरच्या टीव्हीत सगळे प्रवाह दोन छोट्या स्पीकरांत ओतले जातात. संवाद, पाऊस, व्हायोलिन, सगळं एकाच भांड्यात. एकदा कालवलं की फक्त संवाद वर काढता येत नाहीत.

आईच्या टीव्हीत ‘संवाद स्पष्ट करा’ अशी सोय निघाली, ती मी चालू करून दिली. टीव्हीने बोलण्याच्या पट्टीतला आवाज उचलला. त्याच पट्टीत पाऊसही होता. पाच मिनिटांनी आई म्हणाली, “अरे, आता पाऊसच जास्त बोलतोय.” तिने दोष अचूक पकडला होता.

यावर दोन उपाय पुढे येत आहेत. पहिला यंत्रशिक्षणाचा. लाखो नमुने ऐकवून शिकवलेलं संगणकातलं जाळं (न्यूरल नेटवर्क) क्षणाक्षणाला ठरवतं की यातला माणसाचा आवाज कुठला आणि बाकीचा गोंधळ कुठला. ते आधीच्या पट्टी-उचल पद्धतीपेक्षा कितीतरी सरस आहे, पण शेवटी तो अंदाज. गर्दीत दोघं एकदम बोलले की आवाजाला पत्र्यासारखी किनार येते. कमी दर्जाचं चित्र ४केला फुगवणारी जाळीही अशीच तपशील कल्पून भरतात.

दुसरा उपाय मुळातच न कालवण्याचा, आणि माझं मत त्याच्या बाजूने आहे. आवाज ‘वस्तू’ म्हणून पाठवायचा. हे हेलिकॉप्टर, ते डोक्यावरून डावीकडे जातं, आणि हा संवाद, वेगळा. कुठला स्पीकर किती वाजवायचा हे घरातलं यंत्र तिथल्या तिथे ठरवतं. चित्रपटगृहांत डॉल्बी कंपनीच्या अ‍ॅटमॉस या ध्वनितंत्राने २०१२ पासून ही पद्धत रुळवली. लोक त्यातल्या छतावरून येणाऱ्या आवाजाचं कौतुक करतात, पण माझ्या मते मोठी गोष्ट निराळी आहे. संवाद सुटा आला तर तो सुटा वाढवता येतो. दक्षिण कोरियाने २०१७ साली अँटेनावरून होणाऱ्या ४के प्रक्षेपणासाठी एमपेग-एच ही ध्वनिपद्धत घेतली. तिच्यात प्रेक्षकाला संवादांची पातळी स्वतः बदलता येण्याची सोय मुळातच आहे. म्हणजे तंत्र हाताशी आहे. निर्मात्यांनी आणि वाहिन्यांनी संवाद वेगळे ठेवून पाठवायचे, एवढंच बाकी आहे, आणि ते सर्रास होत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

ब्लूटूथवरून आवाज प्रसारित करणाऱ्या ऑराकास्ट या सोयीकडूनही मला मोठी आशा आहे. एका टीव्हीवरून कितीही इअरफोन आणि श्रवणयंत्रं एकाच वेळी ऐकू शकतात, ज्याचा त्याचा आवाज ज्याच्या त्याच्या कानाशी. आईला हवा तेवढा मोठा, शेजारच्या खोलीत झोपलेल्या बाळाला शून्य.

तोपर्यंत मी आईसाठी एक साधी गोष्ट केली. टीव्हीखाली मधला स्वतंत्र स्पीकर असलेला साउंडबार, म्हणजे लांबट आडवा स्पीकर, ठेवला, तिच्या कानाच्या उंचीला, तिच्याकडे तोंड करून. टीव्हीचा आकडा ३२ असायचा, आता साउंडबारचा १४ वर असतो आणि बहुतेक वेळ तिथेच राहतो. पावसाचा प्रसंग आला की मात्र तिचा अंगठा बटणाकडे जातो.