वॉक-ऑन आणि अनड्राफ्टेड: कॉलेज फुटबॉलमधले दोन वेगळे नकार

ओक्लाहोमा विद्यापीठाच्या दोन क्वार्टरबॅकनी (क्वार्टरबॅक म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) १४ वर्षांच्या अंतराने हाइझमन ट्रॉफी जिंकली. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला १९३५पासून दरवर्षी मिळणारा हा मान २००३ साली जेसन व्हाइटला मिळाला आणि २०१७ साली बेकर मेफिल्डला. व्हाइटला ओक्लाहोमाने हायस्कूलमधून रीतसर हेरून आणलं होतं. तरीही २००५च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगचे संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, सातही फेऱ्या संपल्या आणि ३२ संघांपैकी एकानेही त्याचं नाव घेतलं नाही. मेफिल्ड कॉलेजात आला तो कुणाच्या स्कॉलरशिपशिवाय, आणि २०१८च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात पहिलं नाव पुकारलं गेलं ते त्याचंच.

व्हाइट अनड्राफ्टेड, मेफिल्ड वॉक-ऑन. एनएफएलच्या अंतिम सामन्याच्या, सुपर बोलच्या, दिवसांत अशा खेळाडूंच्या गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात, तेव्हा हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. ‘आधी कुणी विचारलं नाही, पण पठ्ठ्याने करून दाखवलं’ हा साचा दोन्हीकडे बसतो, म्हणून घोळ होतो. खरं तर हे दोन शिक्के आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर लागतात, लावणारी माणसं वेगळी असतात आणि नुकसानही वेगळंच होतं.

वॉक-ऑनपासून सुरू करू. कॉलेजांचे कोच गावोगावच्या हायस्कूलमधली मुलं पाहत फिरतात. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना तारे दिले जातात, याद्या निघतात. ज्याला कोचची पसंती मिळते, त्याला स्कॉलरशिप मिळते. त्यात फी, राहणं, जेवण आणि पुस्तकं सगळं आलं. पण वरच्या स्तरावरच्या संघांना अशा स्कॉलरशिप ८५च देता येत. नव्वदच्या दशकात ठरलेली ही मर्यादा २०२५पर्यंत टिकली. संघात मुलं मात्र शंभराच्या वर असायची. ८५च्या बाहेरचे बहुतेक सगळे वॉक-ऑन, म्हणजे फी स्वतः भरून खेळणारे. त्यांतल्या काहींना कोच आधीच सांगून ठेवतो की ये, जागा आहे, पैसे नाहीत. बाकीचे प्रवेश घेतल्यावर ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, उभे राहतात.

त्यांचं रोजचं काम काय? पुढच्या सामन्यातला प्रतिस्पर्धी जसा खेळतो, तसं सरावात खेळून दाखवायचं, म्हणजे मुख्य संघाची तयारी होते. याला स्काउट टीम म्हणतात. २०१७चा हंगाम संपताना रोझ बोल या मानाच्या सामन्यात जॉर्जियाची गाठ ओक्लाहोमाशी होती. तेव्हा जॉर्जियाच्या सरावात मेफिल्डची नक्कल करणारा मुलगा होता ब्लॅकशिअर या छोट्या गावातून आलेला वॉक-ऑन, स्टेट्सन बेनेट. तो सामना जॉर्जियाने ५४-४८ असा जिंकला. बेनेट मैदानाबाहेरच होता. पुढच्या वर्षी तो मिसिसिपीतल्या जोन्स या ज्युनियर कॉलेजात (अमेरिकेत हे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज) गेला, २०१९ला स्कॉलरशिपवर जॉर्जियात परत आला आणि २०२१ व २०२२ अशा सलग दोन हंगामांत त्याने संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं.

मेफिल्डचा रस्ता आणखी वाकडा. ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिस हायस्कूलमधून तो २०१३ साली टेक्सस टेकला वॉक-ऑन म्हणून गेला आणि पहिल्याच वर्षी पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरला. तिथे त्याचं बिनसलं. २०१४च्या सुरुवातीला तो ओक्लाहोमाला आला, पुन्हा वॉक-ऑन म्हणूनच. दोन्ही विद्यापीठं तेव्हा बिग १२ या एकाच कॉन्फरन्समधली, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या एकाच गटातली. त्यामुळे नियमाप्रमाणे त्याला एक वर्ष बाहेर बसावं लागलं, शिवाय खेळण्याचा एक हंगामही हातचा गेला. ज्याच्यावर आधीच्या कॉलेजने एक डॉलरही खर्च केला नव्हता, त्याला कॉलेज सोडण्याची शिक्षा कशासाठी, हा प्रश्न कुणालाही पडावा असाच होता. २०१६ साली बिग १२ने वॉक-ऑनपुरता नियम बदलला आणि मेफिल्डला गेलेला हंगाम परत मिळाला. तो हंगाम २०१७चा. हाइझमन त्याच हंगामातली. ही ट्रॉफी जिंकणारा तो पहिला वॉक-ऑन ठरला.

वॉक-ऑनवर सहसा न बोलली जाणारी एक गोष्ट पैशांची. या खेळाडूंच्या गोष्टी गरिबीतून वर आलेल्यांच्या म्हणून सांगितल्या जातात, आणि मला ते फार अपुरं वाटतं. वॉक-ऑन व्हायचं तर घरातून कुणीतरी फी भरायला हवी किंवा कर्ज काढायला हवं. दुसऱ्या राज्यातलं सरकारी विद्यापीठ असेल तर फी आणखी चढी. पुढे एनएफएलमध्ये गेलेला क्ले मॅथ्यूज सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात वॉक-ऑन होता, पण त्याचे वडील एनएफएलमध्ये अनेक वर्षं खेळलेले आणि काका ब्रूस मॅथ्यूज हॉल ऑफ फेममधले, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीतले. जे. जे. वॉटची सेंट्रल मिशिगनमध्ये स्कॉलरशिप होती. ती त्याने स्वतः सोडली, काही काळ पिझ्झा पोचवायचं काम केलं आणि विस्कॉन्सिनमध्ये वॉक-ऑन झाला. २०११च्या ड्राफ्टमध्ये त्याला ११व्या क्रमांकावर घेतलं गेलं आणि पुढे तीनदा तो एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्याच्या धाडसाबद्दल मला आदरच आहे. पण ज्या मुलाच्या घरी एका सत्राची फी निघत नाही, त्याला हे धाडस करताच येत नाही. स्कॉलरशिप नाही म्हणजे त्याच्यापुढे ज्युनियर कॉलेज किंवा नोकरी एवढंच उरतं.

आता अनड्राफ्टेड. इथे कॉलेजचा कोच चित्रातून बाहेर गेलेला असतो. हायस्कूल संपून तीन वर्षं झाली की खेळाडू एनएफएलच्या ड्राफ्टसाठी पात्र होतो. एप्रिलअखेरीस तीन दिवस आणि सात फेऱ्या चालणाऱ्या ड्राफ्टमध्ये अडीचशेच्या थोडी वर नावं निघतात. ठरवणारे असतात संघांचे व्यवस्थापक, खेळाडू हेरणारे स्काउट आणि डॉक्टर. कॉलेजात किती सामने जिंकलास, हा त्यांचा मुख्य प्रश्न नसतो. हे शरीर, हा वेग, हा हात वरच्या पातळीवर टिकेल का, एवढंच त्यांना बघायचं असतं. केलन मूरने बॉयसी स्टेटसाठी ५० सामने जिंकले आणि फक्त तीन हरले. वरच्या स्तरावर एवढे विजय दुसऱ्या कुठल्याच क्वार्टरबॅकच्या नावावर नव्हते. पण उंची बेताची आणि फेकीत जोर कमी, म्हणून २०१२च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव आलंच नाही. जेसन व्हाइटचे २००१ आणि २००२ अशा लागोपाठच्या वर्षांत आधी एक आणि मग दुसरा असे दोन्ही गुडघे गेले होते. त्यानंतर त्याने हाइझमन जिंकली, पुढच्या वर्षी मतदानात तिसरा आला, तरी संघांची नजर त्या गुडघ्यांवरून हलली नाही. टेनेसी टायटन्सने त्याला ड्राफ्टनंतर घेतलं, पण गुडघ्यांपुढे त्याने लवकरच हात टेकले.

काही वेळा कारण शरीराचंही नव्हतं. वॉरन मून वॉशिंग्टन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, जानेवारी १९७८च्या रोझ बोलमधला सर्वोत्तम खेळाडू. तेव्हा ड्राफ्टच्या १२ फेऱ्या होत आणि त्या बाराही फेऱ्यांत तो नव्हता. कृष्णवर्णीय मुलाने क्वार्टरबॅक खेळू नये, दुसरी जागा घ्यावी, असं संघांना वाटत होतं आणि मून त्याला तयार नव्हता. तो कॅनडात एडमंटनला गेला, १९७८ ते १९८२ अशी सलग पाच वर्षं संघाबरोबर ग्रे कप, म्हणजे कॅनडाच्या लीगचं विजेतेपद, जिंकला आणि १९८४ साली ह्यूस्टनकडून एनएफएलमध्ये आला. २००६ साली हॉल ऑफ फेममध्ये पोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. मूनची गोष्ट ‘जिद्द’ या एका शब्दात गुंडाळली की त्याला नाकारणारे सुटून जातात.

ड्राफ्ट संपला की लगेच फोन वाजायला लागतात. उरलेल्या खेळाडूंशी संघ थेट करार करतात: तीन वर्षांचा करार, हातात बोनस थोडका. त्याचा एक फायदा मात्र असतो. ड्राफ्ट झालेल्याला संघ निवडता येत नाही, याला येतो. आपल्या जागेवर कुठल्या संघात माणसं कमी आहेत ते बघून तो हो म्हणू शकतो. मग सराव शिबिरात ९० जण, आणि ऑगस्टअखेरीस त्यातले ५३ उरतात. काहींना सराव पथकात जागा मिळते, बाकीचे घरी.

माझ्या मते खरा फरक इथे आहे, वेळेचा. वॉक-ऑनला संघात जागा मिळाली नाही तरी तो विद्यार्थी असतो. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करता येतो, पदवी तर मिळतेच. अनड्राफ्टेड खेळाडूचा निकाल एका उन्हाळ्यात लागतो. कर्ट वॉर्नरला १९९४ साली ग्रीन बेने शिबिरातूनच परत पाठवलं, त्यानंतर तो आयोवातल्या सीडर फॉल्समध्ये एका दुकानात रात्रपाळीला मांडणीवर माल लावत होता. पुढे बंदिस्त मैदानावरचं अरीना फुटबॉल, मग युरोपात ॲमस्टरडॅमचा संघ, आणि १९९९च्या हंगामात सेंट लुईसकडून एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू आणि सुपर बोलचाही. माल्कम बटलरने वेस्ट अलाबामासारख्या खालच्या विभागातल्या कॉलेजात येण्याआधी तळलेल्या चिकनच्या दुकानात काम केलं होतं. २०१४ साली अनड्राफ्टेड म्हणून पेट्रियट्सकडे आलेल्या या मुलाने त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये अखेरच्या मिनिटात गोललाइनवर प्रतिस्पर्ध्याचा पास पकडून सामना जिंकून दिला.

दोन्ही शिक्के एकाच माणसावर बसू शकतात. जेम्स हॅरिसन हा ॲक्रनचा मुलगा केंट स्टेटमध्ये वॉक-ऑन होता आणि २००२ साली अनड्राफ्टेड राहिला. पिट्सबर्गने त्याला एकापेक्षा जास्त वेळा काढलं, बॉल्टिमोरनेही काढलं. २००८ला तो एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. ड्राफ्ट न झालेल्या खेळाडूला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये त्याने प्रतिस्पर्ध्याचा पास पकडून १०० यार्ड धाव घेत टचडाउन केला.

अलीकडे या दोनपैकी एकच वाट अरुंद झाली आहे. जून २०२५मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. ही तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांमधली ८५ स्कॉलरशिपची मर्यादा गेली, तिच्या जागी संघात एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा आली. आता कॉलेजने ठरवलं तर सगळ्या १०५ जणांना स्कॉलरशिप देता येते, पण १०६व्या मुलाला फुकटही ठेवता येत नाही. ज्यांच्या जागा यामुळे गेल्या, त्या आधीच्या मुलांना न्यायाधीशांच्या आग्रहामुळे मर्यादेबाहेर राहून खेळण्याची मुभा मिळाली. नव्याने येणाऱ्यांना ती नाही. खेळाडूंना पैसे मिळू लागले हे योग्यच झालं, पण त्यासाठी मागच्या रांगेतल्या जागा छाटायची गरज नव्हती. अनड्राफ्टेड खेळाडूंच्या वाटेला या तडजोडीने हात लावलेला नाही. तिथे आजही तेच ९० आणि तेच ५३.