जवळून काढला म्हणून पोर्ट्रेट होत नाही

आषाढ आला की माझ्या फोनवर सुरकुत्यांचा पूर येतो. दिवे घाटात, सासवडच्या मुक्कामी, नीरेच्या काठी काढलेले वारकऱ्यांचे चेहरे. बहुतेक कृष्णधवल, एकेक सुरकुती सॉफ्टवेअरने खरवडून वर काढलेली, आणि खाली ठसक्यात लिहिलेलं: ‘स्ट्रीट पोर्ट्रेट’. त्यातले निम्म्याहून जास्त पोर्ट्रेट नसतातच. ७०-२०० मिलिमीटरची लांब पल्ल्याची लेन्स लावून पंधरा-वीस फुटांवरून, त्या माउलीला पत्ताही नसताना टिपलेले ते कँडिड असतात. त्यात कमीपणा काहीच नाही. पण एका लहानशा क्लबच्या स्पर्धेसाठी मी गेली काही वर्षं फोटो निवडायला बसतो, आणि दर वर्षी ‘पोर्ट्रेट’ विभागात निदान एक तरी माणूस झोपलेला असतो. टाळाला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, गाढ.

कँडिड म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. रस्त्यावर जे चाललंय त्यात लुडबुड न करता ते चालू असतानाच पकडायचं. फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँने आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकून टाकले होते, कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. एवढ्यात सगळं आलं.

घोळ पोर्ट्रेटचा आहे. आधी किरकोळ गोष्टी उरकतो. लेन्सवरून काही ठरत नाही. ३५ मिलिमीटरच्या रुंद लेन्सने पोर्ट्रेट होतं, २०० च्या लांब पल्ल्याच्या लेन्सने कँडिड होतं. (३५ ने नाक मोठं येतं म्हणणाऱ्यांनी दोन पावलं मागे जाऊन बघावं. नाक अंतरामुळे फुगतं, लेन्समुळे नाही.) मागचं धूसर असणं-नसणं, रंग, उजेड, आडवी चौकट की उभी, यांचाही संबंध नाही. आणि चेहऱ्याने चौकट भरली म्हणजे पोर्ट्रेट, हे तर मुळीच नाही.

मग फरक कशात? मी एकच प्रश्न विचारतो: शटर पडलं तेव्हा त्या माणसाला ठाऊक होतं का, आणि आपला चेहरा कसा ठेवायचा हे ठरवायला त्याला वेळ मिळाला होता का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर पोर्ट्रेट. नसेल तर कँडिड, मग पापण्या मोजता आल्या तरी.

‘कॅमेऱ्याकडे बघतोय की नाही’ ही कसोटी इथे बाद होते, आणि नेमकं तिथेच बहुतेक जण घसरतात. अमेरिकन फोटोग्राफर वॉकर एव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा दडवून समोरच्या बाकावरच्या प्रवाशांचे फोटो काढले. कित्येक चेहरे थेट समोरून, हाताच्या अंतरावर वाटावेत असे. सवयीने आपण त्यांना पोर्ट्रेट म्हणून मोकळे होतो. पण त्या बाकावर कोणी कोणाला चेहरा दाखवत नव्हतं. आपल्याला कोणी बघत नाही या समजुतीत माणसाचा चेहरा जसा सैल पडतो तसे ते सगळे बसले होते. फोटोंचं बळ त्या सैलपणात आहे. ते कँडिडच.

याच्या उलट अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग हिचा १९३६ च्या मार्चमधला कॅलिफोर्नियातल्या निपोमोचा फोटो घ्या. मजुरांची छावणी, एक आई, खांद्यांशी पाठमोरी दोन मुलं. बाई कॅमेऱ्याकडे बघत नाही, नजर दूर कुठेतरी आहे. तरी ते पोर्ट्रेट, कारण समोर कॅमेरा घेऊन एक बाई उभी आहे, फोटो काढत काढत जवळ येते आहे, हे तिला ठाऊक होतं. कुठे बघायचं हे तिचं तिने ठरवलं.

तिसरं उदाहरण न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरचं. फोटोग्राफर फिलिप-लॉर्का डिकोर्सियाने १९९९ ते २००१ दरम्यान तिथे पादचाऱ्यांच्या वाटेवर उंचावर फ्लॅश बांधून ठेवले आणि स्वतः लांब उभा राहून लांब पल्ल्याच्या लेन्सने चेहरे टिपले. स्टुडिओतल्यासारखा उजेड, मागे काळोख. दिसायला शंभर टक्के पोर्ट्रेट. त्यातल्या एका गृहस्थांनी पुढे खटला भरला, आणि २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने कलाकृती म्हणून फोटोग्राफरच्या बाजूने निकाल दिला. असा फोटो चालेल का, याचं उत्तर न्यायालयाने दिलं. ते पोर्ट्रेट आहे का, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. मला विचाराल तर नाही.

आता माझी खरी चीड. परवानगी घ्यायची, समोरचा बिचारा सावरून बसतो, आणि मग म्हणायचं, ‘काका, माझ्याकडे बघू नका हं, तुमचं काम चालू ठेवा.’ हे लग्नातल्या ‘कँडिड’वाल्यांनी आणलेलं खूळ. एरवी वीतभर उंचीवरून चहा ओतणारा माणूस मग हातभर उंचीवरून ओतायला लागतो, तेही सावकाश, आणि ओठांवर ते हसू. हे कँडिड नाही, कारण त्याला माहीत आहे. पोर्ट्रेटही नाही, कारण चेहरा कसा ठेवायचा हे तुम्ही ठरवलंत. हे नाटक आहे. दुसरं खूळ ‘आजी, हसा की!’ आजींना हसायचं असतं तर त्या हसल्या असत्या. त्यांच्या लेखी फोटो म्हणजे स्टुडिओत पडद्यापुढे उभं राहून काढलेला, हात सरळ, नजर समोर, हसू नाही. त्या तशा उभ्या राहिल्या की ‘फार ताठ आल्या’ म्हणून पुढच्या फोटोंची वाट बघू नका. तो ताठपणा त्यांनी निवडलेला आहे.

हे मला उशिरा कळलं. पुण्यात मंडईच्या बाहेर लिंबं विकणाऱ्या एका आजींकडे मी फोटो मागितला. त्या म्हणाल्या, ‘थांब.’ मग आधी पदर डोक्यावरून घेतला. मंगळसूत्र बाहेर काढून नीट सोडलं. चष्मा काढून मांडीखाली सरकवला. एवढ्यावर भागलं नाही. पाच-पाच लिंबांचे वाटे विस्कटले होते ते पुन्हा रचले, डागाळलेली लिंबं खाली, पिवळीधमक वर, त्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘हां, काढ.’ मी मनातून खट्टू. मला हवी होती ती चष्म्यावरून गिऱ्हाइकाकडे रोखून बघणारी आजी, दोन मिनिटांपूर्वीची. ती मी न विचारता टिपायला हवी होती. विचारल्यावर ती मागणं हा माझा वेडेपणा. विचारल्यावर मिळते ती पदर घेतलेली आजी. तो पदर म्हणजेच पोर्ट्रेट.

दोन्ही हवं असेल तर क्रम उघड आहे. आधी न विचारता टिपा, मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवा, मग विचारून दुसरा काढा. नको म्हणाले तर पहिलाही पुसा. लहान मुलांचं मात्र आईबापांना विचारल्याशिवाय काहीच नाही.

सीमेवरचे फोटो असतातच. टिपताना माणसाची नजर वळते आणि अर्ध्या सेकंदाचं ते ‘अरे?’ येतं. मला हे फोटो फार आवडतात आणि मी ते कँडिडमध्येच घालतो: कळलंय, पण चेहरा सावरायला वेळ मिळालेला नाही. क्लबातले आमचे एक सदस्य यावर दर वर्षी भांडतात. भांडोत.

न विचारता टिपलेल्याला तुम्ही काही देणं लागत नाही असं म्हणता येईल. मला पटत नाही, पण म्हणता येईल. पोर्ट्रेटमध्ये तो माणूस बसलेला असतो, त्याने वेळ दिलेला असतो, आणि आपण ‘पाठवतो हं’ म्हटलेलं असतं. लँगच्या फोटोतल्या बाईंचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जगाला १९७८ मध्ये कळलं. त्यांचं गाऱ्हाणं होतं की लँगने नाव विचारलं नाही, आणि प्रत पाठवते म्हणाली ती कधी पाठवली नाही. सासवडला एका वारकरी बाबांनी मला फोटो देता देता हेच ऐकवलं: ‘माउली, मागल्या सालचा अजून पाठवतोयच.’

तेव्हापासून मी प्रिंट काढून नेऊन देतो. मंडईतल्या आजींनाही नेऊन दिली. ८५ ची लेन्स, एफ १.८ (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं आणि स्पष्ट येणारी खोली कमी), दीड मीटरवरून. एवढ्यात जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीपुरतंच सगळं स्पष्ट येतं. डोळे कसे काचेसारखे आले होते. आजींनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला. पदर बरा आलाय म्हणाल्या. मग खालच्या पिवळ्या धुक्यावर बोट ठेवून विचारलं, ‘आणि लिंबं रे?’

पुढच्या खेपेला ३५ नेली, एफ ८ वर. आजींनी वाटे पुन्हा रचले.